बाटलीवरचा कॉन्रॅड

"आंटी, तुम्ही मराठी किती छान बोलता!" शंतनु पहिल्याच भेटीत हे म्हणाला आणि इझाबेलाबाईंच्या मनातून तो तिथल्या तिथे उतरला.

इझाबेला तुस्कानो. वसईच्या मिशनच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाई. अर्ध्या तालुक्याचं ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या हाताखालून गेलेलं. आणि हा पुण्याचा मुलगा, जो स्वतः 'ते मॅटर नाही करत' आणि 'मी ते फिगर आउट करतो' असलं मराठी बोलत होता, तो त्यांना शाबासकी देत होता. वर पुन्हा 'आंटी'. त्याच खोलीत बसलेल्या नागपूरच्या एका बाईंना तो दर वाक्याला 'काकू' म्हणत होता. म्हणजे काकू आपल्यातल्यांना आणि आंटी ख्रिस्त्यांना. बाईंनी ते बरोबर ओळखलं.

"थँक यू," त्या म्हणाल्या. "तुमचंही सुधारेल."

शेजारी बसलेल्या वॉरेनने, त्यांच्या मुलाने, टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

हे २००९ सालचं, कॅनडातलं; बाई तेव्हा मुलाकडे राहत होत्या. नायगरा भागात, व्हाइनलंडजवळ, शंतनुने एक जुना द्राक्षमळा विकत घेतला होता. स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी कुणा अमेरिकनाला विकून झाल्यावर त्याला मातीची ओढ लागली, असं तो सांगायचा. मळ्याचं नाव ठेवलं 'सह्याद्री रिज'. मागे एक लांबलचक उंचवटा होता, त्याला इथे एस्कार्पमेंट म्हणतात. वसईच्या पोरांनी दहा मिनिटांत चढून वरून सूर मारला असता, एवढाच. त्याला हा सह्याद्री म्हणत होता.

वॉरेन बँकेत आयटीत होता. आदल्या वर्षीच्या मंदीत त्याची नोकरी गेली. बायको, ॲलिसन, हॉस्पिटलात डबल शिफ्ट करायची आणि हा मिसिसागाच्या घरात बेसमेंटमध्ये बसून अप्लाय करत राहायचा. शेवटी शंतनुकडे लागला. हुद्दा होता एक्स्पीरियन्स मॅनेजर. बाईंनी दोनदा विचारलं, म्हणजे काय करतोस. दोन्ही वेळा वॉरेनने वेगळं सांगितलं. त्यांना कळलं ते एवढंच, की बसने आलेल्या लोकांना मळ्यात फिरवायचं, ग्लासात नाक कसं घालायचं ते दाखवायचं, आणि जाताना बाटल्या घ्यायला लावायच्या.

शंतनु स्वतःही ग्लासात नाक घालायचा. मग डोळे मिटून म्हणायचा, ओला दगड. पेन्सिलीचा भुगा. जुनं चामडं. मग घोट तोंडात खुळखुळवून बादलीत थुंकायचा. ज्याच्या आजीने चातुर्मासात कांद्याची सालं घरात येऊ दिली नसतील, तो आता वासांची शिकवणी घेत होता. त्याला चामडंसुद्धा सापडत होतं. द्राक्षाचा वास मात्र त्याला कधी आल्याचं बाईंनी ऐकलं नाही.

त्या दिवशी बाईंना बोलावलं होतं ते एका कामासाठी. ऑक्टोबरात शंतनुला हेरिटेज फेस्टिव्हल करायचा होता. गावागावांतली वाइन करायची जुनी पद्धत, म्हाताऱ्या बायका, लाकडी टब, पायांनी द्राक्षं तुडवणं. या भागात शंभरावर वर्षं द्राक्षं होत होती, गावात ती परंपरा होतीच. पण शंतनुला स्वतःची परंपरा हवी होती.

"आंटी, तुस्कानो म्हणजे टस्कनी ना?" त्याचे डोळे चमकले. "इटलीहून पोर्तुगाल, पोर्तुगालहून वसई, वसईहून नायगरा. वॉव. काय स्टोरी आहे!"

"तुस्कानो म्हणजे ज्या पाद्र्याने आमच्या पणज्याच्या पणज्याला बाप्तिस्मा दिला, त्याला त्या दिवशी सुचलं ते नाव," बाई म्हणाल्या. "त्याआधी आम्ही केळी लावत होतो. त्यानंतरही केळीच लावली."

शंतनु हसला. त्याला वाटलं आंटी विनोदी आहेत.

घरी परतताना गाडीत वॉरेन म्हणाला, "मम्मी, प्लीज. फक्त एकदा वाइन करून दाखव. ख्रिसमसला करायचीस तशी. तेवढंच."

ती वाइन त्यांनी १९८३ नंतर केली नव्हती. का केली नव्हती, ते वॉरेनला ठाऊक होतं. निदान ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पस्तिशी ओलांडलेला मुलगा, दाढी वाढलेली, हायवेवर डोळे लावून बसलेला. बाईंना त्याचा राग आला, आणि कीवही. शेवटी त्या हो म्हणाल्या.

शंतनुच्या वाइनमेकरने पहिल्याच दिवशी त्यांना आत येऊ दिलं नाही. बाई दुकानातलं पावाचं यीस्ट वापरणार हे कळल्यावर तो असा मागे सरला, जणू कुणी प्लेगचा उंदीर घेऊन आलंय. यीस्ट हवेतून त्याच्या टाक्यांत शिरेल म्हणे. शिवाय बाईंना मळ्यातली द्राक्षंही पसंत पडली नाहीत. पिनो नावाची ती मिरीएवढी काळी फळं पाहून त्यांनी विचारलं, "ही वाढतात तरी का?"

मग वॉरेनने त्यांना शेजारच्या असुंताकडे नेलं. असुंता पंचाहत्तरीची इटालियन विधवा. पन्नासच्या दशकात नवऱ्याबरोबर आलेली. तिच्या कुंपणाला जुन्या काँकॉर्ड द्राक्षांची एकच ओळ उभी होती. टपोरी, निळी, सालीला पांढरी धूळ धरलेली, आणि वास असा की रस्त्यावरून जाताना कळावं. पूर्वी सगळ्या गावात हीच द्राक्षं होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारने शेतकऱ्यांना भरपाई देऊन ती उपटायला लावली, जागी फ्रेंच नावांची लावायला सांगितली. असुंताच्या नवऱ्याने सगळा मळा उपटला, ही एक ओळ मात्र ठेवली. तो काही परंपरा वगैरे जपत नव्हता. त्याला ट्रॅक्टर वळवायचा कंटाळा आला, असं असुंता सांगायची.

असुंताचा गराज हाच तिचा वाइनचा कारखाना. लोखंडी प्रेस, दोन पिंपं, काचेचे पोटफुगे बुधले. गावातली जुनी इटालियन घरं अजूनही सप्टेंबरात असंच गराजचं दार वर करून बसायची आणि एकमेकांकडे जाऊन घोट घोट चाखून परस्परांच्या वाइनची निंदा करायची. हीच खरी गावची परंपरा. शंतनुच्या ब्रोशरमध्ये तिचा फोटो नव्हता.

बाईंनी नळाखाली द्राक्षं धुवायला घेतली तशी असुंता धावत आली.

"यू वॉश? व्हाय यू वॉश? इज अ बेबी?"

"पक्षी बसतात त्यावर," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

"बर्ड इज गुड! डस्ट इज गुड! यीस्ट इज देअर!"

बाईंनी धुऊन घेतली. एकेक पुसली, कपड्यावर वाळवली. बरणीत हाताने कुस्करली, साखर घातली, मूठभर गहू, दालचिनी, कोमट पाण्यात फुगवलेलं यीस्ट. असुंता खुर्ची टाकून बसली आणि साखरेच्या प्रत्येक वाटीला कपाळावर हात मारत राहिली. संध्याकाळी तिने गेल्या वर्षीची स्वतःची वाइन बाईंना दिली. बाईंनी घोट घेतला. दात आंबले, कानशिलं आवळली.

"आमच्याकडे याने तांब्याची भांडी घासतात," त्या मराठीत म्हणाल्या.

असुंताला शब्द कळले नाहीत, चेहरा कळला. ती खूश झाली. तीन आठवड्यांनी बाईंची वाइन गाळून झाली तेव्हा तिने फेड केली. एक चमचा चाखला आणि छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं. "मेडिचीना," ती म्हणाली. "फॉर सिक पीपल."

एवढ्या दिवसांत कुणी बाईंशी इतकं सरळ बोललं नव्हतं. मिसिसागातल्या मराठी मंडळात, चर्चच्या गटात, सुनेच्या मैत्रिणींत, सगळे त्यांना 'सो स्वीट' म्हणायचे. बाईंना या शब्दाची मनापासून घृणा होती.

वाइन मात्र उतरली होती. गडद, गोड, घशात उष्ण. बरणी ढवळताना वर जो वास यायचा, त्याने बाईंना रोज एकाच माणसाची आठवण व्हायची. आठवण चांगली नव्हती.

कॉन्रॅड, त्यांचा नवरा, लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. उरलेला वेळ प्यायचा. गावठी, मोसंबी दारू, मिळेल ते. बाई ऑक्टोबरात ख्रिसमससाठी वाइन घालायच्या आणि बरणी माळ्यावर लपवायच्या, कारण तो अर्धी कच्चीच उपसून प्यायचा. १९८३ च्या ख्रिसमसला फादर जेवायला आले, शेजारी आले. बाईंनी मोठ्या दिमाखाने बाटल्या काढल्या, ग्लास भरले. फादरनी घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला. बाटल्यांत कोरा चहा होता. कॉन्रॅडने वाइन संपवून, साखर घालून, चहा भरून ठेवला होता. सगळे गप्प बसले आणि कॉन्रॅड एकटाच हसत सुटला. पाहुणे गेल्यावर बाई बोलल्या, तेव्हा त्याने त्यांचा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार लोटलं. दोन बोटं पुढे कधी नीट वळली नाहीत. फळ्यावर त्या तशाच लिहीत राहिल्या. कॉन्रॅड तीन वर्षांनी यकृताने गेला. वॉरेन तेव्हा चौदा वर्षांचा होता.

फेस्टिव्हलच्या दिवशी स्वच्छ ऊन होतं आणि थंडी होती. गवतावर तंबू, गवताच्या गठ्ठ्यांवर बसलेली माणसं, एका टबात टोरांटोच्या मुली पॅन्ट वर दुमडून द्राक्षं तुडवत होत्या आणि किंचाळत फोटो काढून घेत होत्या. बाई राखाडी स्कर्ट आणि काळा स्वेटर घालून आल्या.

"आंटी, लुगडं?" शंतनु कासावीस झाला. त्याने मंडळातल्या कुणाकडून तरी वसईकडच्या ख्रिस्ती बायकांचं लाल चौकटीचं लुगडं मिळवून आठवडाभर आधी पाठवलं होतं.

"ते माझी आई नेसायची. मी नोकरी केली," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

त्यांची बरणी एका टेबलावर मांडली होती, नुसती बघायला. घरची वाइन लोकांना विकायला कायद्याने बंदी. लोकांना द्यायला शेजारी शंतनुच्या बाटल्यांची चळत होती. प्रत्येक बाटलीवर बाईंचा फोटो. चष्मा पुसून त्यांनी लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरांत 'तुस्कानो हेरिटेज रेड'. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की वसई नावाच्या द्राक्षांच्या गावात कॉन्रॅड तुस्कानो नावाचे एक प्रेमळ कुटुंबप्रमुख होते, वाइन ही त्यांची साधना होती, दर हिवाळ्यात ते आपल्या मुलाला मांडीवर बसवून पहिला थेंब चाखायला देत, आणि त्यांच्याच गुप्त कृतीने ही वाइन बनली आहे.

बाईंनी ते दोनदा वाचलं. व्याकरणाची चूक एकही नव्हती.

"हे कोणी लिहिलं?"

शंतनु अभिमानाने म्हणाला, "वॉरेनने! ब्रिलियंट ना? मी फक्त साधना हा वर्ड ॲड केला."

त्या वेळी माइकवर वॉरेन होता. तो बोलत होता, माझे डॅड, केळीच्या बागेतली संध्याकाळ, क्लॅरिनेटचे सूर, हातात द्राक्षांचा रस. लोक डोळे ओले करून ऐकत होते. पुढच्या रांगेत एक गोरी बाई खरोखर रडत होती. इझाबेलाबाई बाजूला उभ्या राहून मुलाकडे बघत होत्या, वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघावं तशा.

मग शंतनुने माइक त्यांच्याकडे दिला. "आंटी, दोन शब्द. मराठीतच बोला, खूप ऑथेंटिक वाटेल. मी ट्रान्सलेट करतो."

बाईंनी माइक घेतला. शाळेच्या प्रार्थनेसाठी घेत असत तसा, हनुवटीपासून चार बोटं लांब.

"माझ्या नवऱ्याचं नाव कॉन्रॅड," त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "त्याने आयुष्यात एक थेंब वाइन केली नाही. मी केलेली मात्र त्याने शेवटच्या थेंबापर्यंत संपवली."

त्या थांबल्या. शंतनुचा चेहरा पांढरा पडला होता. तीनशे लोक त्याच्याकडे बघत होते.

"शी सेज," तो म्हणाला, "हर हजबंड वॉज व्हेरी फाँड ऑफ वाइन."

लोक प्रेमाने हसले.

"त्याने माझी ही दोन बोटं दारात चिरडली." बाईंनी उजवा हात वर केला.

"शी सेज, दीज हँड्स... हॅव वर्क्ड व्हेरी हार्ड."

टाळ्या झाल्या. पाठीमागे मंडळातली चार-सहा मराठी माणसं उभी होती. त्यांतल्या एकाने एकदम गवताकडे बघायला सुरुवात केली. त्याची बायको पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"ही बाटली मी केलेली नाही. यात काय आहे मला माहीत नाही. माझा फोटो मला न विचारता लावलाय. तुम्ही सगळे मूर्ख आहात, आणि हा जो तुम्हाला सांगतोय तो खोटारडा आहे."

शंतनुने ओठांवरून जीभ फिरवली. "शी सेज, वाइन इज फॅमिली. अँड टुडे, यू आर ऑल हर फॅमिली."

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. रडणारी गोरी बाई पुढे आली आणि तिने इझाबेलाबाईंना मिठी मारली. बाई मिठीत काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. त्या बाईच्या खांद्यावरून त्यांना बाटल्यांच्या टेबलापाशी रांग लागलेली दिसली.

इतका तिरस्कार त्यांना कॉन्रॅडचाही कधी वाटला नव्हता. कॉन्रॅड निदान प्यायलेला असायचा.

दुपारी सगळ्या बाटल्या संपल्या. गाडीत बसल्यावर वॉरेनने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. पार्किंगमध्ये लोक बॉक्स डिकीत ठेवत होते.

"तू मला सगळ्यांसमोर नागडं केलंस," तो म्हणाला.

"कुणासमोर? कुणाला कळलं? तुझ्या साहेबाने छान झाकलं."

"मला कळलं."

बाईंनी सीट बेल्ट लावला.

"मम्मी, मला सगळं माहीत आहे. बोटांचं माहीत आहे. मी दारामागेच होतो." त्याने किल्ली काढून हातात घेतली. "लेबल लिहायला बसलो तेव्हा वाटलं, एकदा तरी तो असा असावा. मी लिहिलं तसा. मग लिहिताना मला खरंच तसा दिसायला लागला."

बाईंना त्या क्षणी त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. त्यांनी तो फिरवला नाही.

"तसं असेल तर घरी वहीत लिहायचं," त्या म्हणाल्या. "बाटलीवर कशाला?"

वॉरेन हसायला गेला आणि रडला. स्टिअरिंगवर कपाळ टेकून, मोठ्याने, शेंबूड येईपर्यंत. बाईंनी पर्समधून रुमाल काढून त्याच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. पुरुषांच्या रडण्याचा त्यांना अनुभव होता. कॉन्रॅडही रडायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या रडण्यावर त्यांनी बरीच वर्षं विश्वास ठेवला होता. हे रडणं त्या जातीचं आहे की वेगळं, ते त्यांना ठरवता येईना.

सोमवारी वॉरेन शंतनुकडे गेला आणि वडिलांचं नाव काढा म्हणाला. शंतनु आधी समजावत राहिला, मग चिडला, मग म्हणाला, नाव काय, कुठलंही चालेल. पुढच्या खेपेच्या लेबलावर कॉन्रॅड नव्हता, बाईंचा फोटोही नव्हता. आता तिथे 'ग्रँडमा रोझा' होती, आणि फोटोत ब्रॅम्प्टनची कुणीतरी हौशी बाई लाल लुगड्यात, डोक्यावर द्राक्षांची टोपली घेऊन. बाटल्या तशाच खपल्या. शंतनु एका मासिकात छापून आला. मुलाखतीत त्याने सांगितलं की मातीशी प्रामाणिक राहिलं की सगळं जमतं.

वॉरेनने वसंतात ती नोकरी सोडली. सेंट कॅथरिन्सला एका इन्शुरन्स कंपनीत पुन्हा कॉम्प्युटरवर बसू लागला. बाईंनी त्याला शाबास म्हटलं नाही. रविवारी चर्चमधल्या मासनंतर त्याने वडिलांसाठी मेणबत्ती लावली, तेव्हा मात्र त्या पहिल्यांदा त्याच्या शेजारी थांबल्या. त्यांनी स्वतः लावली नाही. ज्योत नीट धरेपर्यंत थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "चल, पार्किंगमधून बाहेर पडायला गर्दी होईल."